व्याकरणाची सक्ती : इंग्रजी आणि उझबेक

आपल्या सुशिक्षित घरांतून मुलांच्या हातीं व्याकरणाचीं जीं पुस्तकें पडतात, तीं बहुधा मराठीचीं व इंग्रजीचीं. घरांत कोणी संस्कृत जाणणारी वडील मंडळी असली तर तिसरें संस्कृताचें. या तीन व्याकरणांच्या सहवासांत वाढलेल्या मनुष्याचा सहजच असा ग्रह होतो कीं, लिंग, वचन, विभक्ति, काळ हीं प्रकरणें भाषा या वस्तूस जन्मतःच चिकटलेलीं आहेत. जगांतील कोणत्याहि भाषेंत तीं असावयाचींच. आणि एखाद्या भाषेंत त्यांपैकीं एखादें सांपडलें नाहीं तर ती भाषा तेवढ्यापुरती अपुरी समजावयाची. त्यांतहि शाळेंतली प्रतिष्ठा इंग्रजीच्या वांट्यास आलेली असल्यामुळें, 'इंग्रजींत जें आहे तें मराठींत कोठें आहे ?' असा प्रश्न मुलें विचारतात आणि पुष्कळदां वडीलहि विचारतात. 'मराठींत जें आहे तें इंग्रजींत कोठें आहे ?' हा उलटा प्रश्न मात्र क्वचितच कानांवर येतो.

या ग्रहाची परीक्षा मराठी, इंग्रजी व संस्कृत यांच्या आपसांतील तुलनेनें नीट होत नाहीं. या तिन्ही भाषा एकाच इंडो-युरोपीय कुळांतल्या. आणि नातलगांनीं एकमेकांविषयीं दिलेली साक्ष कितीहि प्रामाणिक असली तरी तिला मर्यादा असावयाचीच. म्हणून कुळाबाहेरची एक साक्षीदार आम्ही आज वाचकांपुढें उभी करीत आहों. ती म्हणजे मध्य आशियांतील उझबेक भाषा.

साक्षीदाराची ओळख

उझबेक ही तुर्की कुळांतली भाषा. ती बोलणारांची संख्या तीन कोटींहून अधिक असून, १९८९ सालच्या कायद्यानें तिला उझबेकिस्तानच्या राज्यभाषेचा दर्जा मिळाला. त्या देशाच्या राजधानीचें, ताश्कंदचें, नांव १९६६ सालच्या करारामुळें व लालबहादूर शास्त्री यांचें तेथें देहावसान झाल्यामुळें आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे. हिंदुस्थानांत मोगल राज्याचा पाया घालणारा बाबर १४८३ सालीं अंदिजान येथें जन्मला. तें शहर आजच्या उझबेकिस्तानांतच आहे. त्यानें आपलें आत्मचरित्र ज्या चगताई तुर्की भाषेंत लिहिलें, ती आजच्या उझबेकची पूर्वपीठिका मानली जाते.

उझबेक मनुष्याच्या बोलण्यांतले सुटे शब्द कानांवर आले तर मराठी मनुष्यास मौज वाटेल. पुस्तकाला ते 'कितॉब' म्हणतात, बाजाराला 'बॉझॉर', जगाला 'दुन्यॉ', हवेला 'हावॉ', पेल्याला 'पियॉला'. (उझबेक उच्चार आम्हीं देवनागरींत साधेल तितके जवळचे दिले आहेत.) आपलें 'दप्तर' हें तेथें 'दाफ्तार' होऊन मुलांची लिहावयाची वही झालें आहे. अरबी-फारसीच्या मार्गानें हे शब्द त्यांच्याकडेहि गेले आणि आपल्याकडेहि आले. उलट बाजूनें 'कैची' हा शब्द तुर्कीचा. 'तबलजी', 'मशालजी' यांच्या शेवटीं जो व्यवसायदर्शक प्रत्यय आहे तोहि मूळचा तुर्कीच, आणि उझबेकमध्यें तो 'ची' या रूपानें अजून रोजच्या वापरांत आहे. 'इश्' म्हणजे काम व 'इश्ची' म्हणजे कामगार.

शब्द असे सहज प्रवास करतात. शेजाऱ्याकडून भांडें आणावें तसा शब्द आणतां येतो, आणि तें परत करण्याची गरजहि राहत नाहीं. परंतु त्या भांड्यांत काय शिजवावयाचें व कोणत्या क्रमानें, ही ज्या त्या घरची रीत असते. भाषेची ती रीत म्हणजे तिचें व्याकरण.

या रीतीचें मर्म रोमान याकोब्सन या भाषापंडितानें १९५९ सालीं एका निबंधांत सांगितलें. भाषाभाषांतील खरा भेद त्या काय सांगूं शकतात यांत नसून, काय सांगितल्यावांचून त्यांना गत्यंतर नसतें यांत आहे, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. सांगूं इच्छिलें तर कोणतीहि गोष्ट कोणत्याहि भाषेंत सांगतां येते. दोन शब्द अधिक खर्च होतील इतकेंच. परंतु प्रत्येक भाषा आपल्या बोलणारावर कांहीं गोष्टींची सक्ती करते. त्या सांगितल्याखेरीज वाक्य पुरें होऊंच देत नाहीं. व्याकरणांतील प्रकरणें म्हणजे या सक्तीची यादी होय. इंग्रजीची यादी निराळी व उझबेकची निराळी, ती कशी तें आतां पाहूं.

लिंग

'तो आला', 'ती आली', 'तें आलें' या तिन्ही वाक्यांना उझबेकमध्यें एकच वाक्य आहे : 'उ केल्दी.' 'उ' म्हणजे तो, ती, तें, यांपैकीं कोणीहि. विशेषणाला लिंग नाहीं, क्रियापदाला नाहीं, नामाला नाहीं. लिंग हें प्रकरणच त्या व्याकरणांतून गळलेलें आहे. गळलेलें म्हणणेंहि चूक, कारण तुर्की कुळांत तें कधीं नव्हतेंच. इंग्रजींत एके काळीं आपल्याप्रमाणेंच तीन लिंगें होतीं. तीं झिजत झिजत आतां 'ही', 'शी', 'इट' या सर्वनामांपुरतीं उरलीं आहेत. मराठीनें तीं तिन्ही संभाळलीं, एवढेंच नव्हे तर क्रियापदापर्यंत नेलीं. पाऊस आला, वीज आली, पाणी आलें. उझबेक मनुष्य तिन्ही ठिकाणीं 'केल्दी' म्हणून मोकळा होतो. दाराआडून 'मी आलें' एवढा शब्द आला तरी बोलणारी स्त्री आहे हें आपणांस कळतें. इंग्रजी किंवा उझबेक वाक्यांतून तें कळत नाहीं.

मग उझबेक समाजास स्त्रीपुरुषांतला भेद दिसत नाहीं कीं काय ? तसें मुळींच नाहीं. आई, बाप, बहीण, भाऊ यांना निरनिराळे शब्द आहेतच. रुग्णालयांतील परिचारिकेस ते 'हाम्शिरा' म्हणतात. हा मूळचा फारसी शब्द बहीण या अर्थाचा आहे. सांगावयाचें असेल तेथें उझबेक मनुष्य लिंग सांगतो. त्याचें व्याकरण प्रत्येक वाक्यांत तें वदवून घेत नाहीं, एवढेंच.

सक्ती असणाऱ्या भाषेंत सक्ती नसणाऱ्या भाषेंतून भाषांतर करूं लागलें म्हणजे खरी अडचण उभी राहते. 'उ मुहान्दिस' म्हणजे 'ती व्यक्ति अभियंता आहे.' इंग्रजींत हें लिहितांना भाषांतरकारास 'ही' अथवा 'शी' यांपैकीं एक निवडावेंच लागतें. मूळ वाक्यांत नसलेली माहिती पदरची घालावी लागते. अलीकडे हें काम यंत्रें करूं लागलीं. तेव्हां असें आढळून आलें कीं, तुर्कीसारख्या लिंगरहित भाषेंतून इंग्रजींत येतांना यंत्र वैद्याला पुरुष ठरवितें आणि परिचारिकेला स्त्री. कारण ज्या इंग्रजी मजकुरावर तें शिकलें, त्यांत तसेंच अधिक वेळां लिहिलेलें होतें. अखेरीस २०१८ सालीं गूगल कंपनीनें तुर्कीतून इंग्रजींत येणाऱ्या अशा वाक्यांना दोन्ही भाषांतरें शेजारीं शेजारीं दाखविण्यास आरंभ केला. व्याकरणांतली एक सक्ती समाजांतल्या पूर्वग्रहास कशी वाट करून देते, याचें हें स्पष्ट उदाहरण होय.

वचन आणि आदर

इंग्रजींत 'फाइव्ह' म्हटल्यावर 'बुक्स' म्हणावेंच लागतें. पांच म्हटल्यानें अनेकत्व कळून चुकलेलें असतें, तरी नामाला पुन्हा तें अंगावर वागवावें लागतें. उझबेकला हा दुहेरी खर्च मान्य नाहीं. 'बेश्ता कितॉब' म्हणजे अक्षरशः 'पांच पुस्तक'. संख्या सांगितली नसेल तेव्हां 'लार' हा प्रत्यय लागतो : 'कितॉब्लार', पुस्तकें. मराठी येथें इंग्रजीच्या बाजूस आहे. परंतु 'पंगतीला पन्नास पान झालें' असें आपण म्हणतोंच, आणि तेव्हां क्षणभर उझबेक रीतीनें बोलत असतों.

या 'लार' प्रत्ययाचें दुसरें एक काम मात्र मराठी वाचकास घरच्यासारखें वाटेल. वडील आले, हें सांगतांना उझबेक मुलगा 'दादाम्लार केल्दिलार' असें म्हणतो. 'दादा' म्हणजे त्यांच्याकडे वडील, 'म' म्हणजे माझे, आणि 'लार' हें अनेकवचन. वडील एकच, अनेकवचन आदराचें. आपण 'बाबा आला' म्हणत नाहीं, 'बाबा आले' म्हणतों, त्यांतलीच ही वृत्ति. त्याचप्रमाणें 'सेन' म्हणजे तूं आणि 'सिझ' म्हणजे तुम्ही. आईला 'तूं' म्हणण्याची मोकळीक आपल्या घरांतून आहे. तेथील मुलें बहुधा आईसहि 'सिझ' म्हणूनच हांक मारतात. इंग्रजीपाशीं पूर्वीं 'दाऊ' हें 'तूं'च्या जागीं होतें. तें व्यवहारांतून गेलें आणि सर्वांना एकच 'यू' उरलें. इंग्रज मनुष्य आदर दाखवीत नाहीं असा याचा अर्थ नव्हे. तो 'सर' म्हणून, 'प्लीज' म्हणून, आवाज उतरवून दाखवितो. परंतु दर वाक्यांत, समोरच्याचें व आपलें नातें काय तें ठरवूनच तोंड उघडण्याची सक्ती त्याच्यावर नाहीं. मराठी व उझबेक मनुष्यावर ती आहे.

येथें मराठीची एक मिरासहि सांगून टाकावयास हवी. इंग्रजींत 'वी' एक, उझबेकमध्यें 'बिझ' एक. मराठींत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द आहेत. 'आम्ही जेवावयास बसतों' यांत ऐकणारा उपाशी राहतो. 'आपण जेवावयास बसूं' यांत त्याचें पान मांडलेलें असतें. हा भेद आपलें पांच वर्षांचें पोर बिनचूक करतें. मराठी वाक्य इंग्रजींत अथवा उझबेकमध्यें नेलें कीं तो पुसला जातो. द्राविड भाषांत हा भेद पक्का रुजलेला आहे, आणि मराठीला तो त्या शेजारामुळें लाभला असें पंडित मानतात.

विभक्ति आणि निश्चय

उझबेकमध्यें विभक्ति सहा. त्यांची व्यवस्था मात्र पाहण्यासारखी आहे. 'उय्' म्हणजे घर. 'उय्लार' घरें, 'उय्लारिमिझ' आमचीं घरें, 'उय्लारिमिझदान' आमच्या घरांहून. एकामागून एक प्रत्यय मण्यांसारखे ओवले जातात. कोणताहि मणी शेजारच्याचा आकार बिघडवीत नाहीं, आणि मूळ शब्द जसाच्या तसा राहतो. मराठींत 'घोडा' या शब्दाला प्रत्यय लागण्यापूर्वीं 'घोड्या' असें सामान्यरूप व्हावें लागतें. उझबेक घोडा, 'ऑत', सर्व विभक्तींत 'ऑत'च राहतो. इंग्रजीनें बहुतेक विभक्ति टाकून देऊन त्यांचें काम शब्दांच्या क्रमाकडे व शब्दयोगी अव्ययांकडे सोंपविलें आहे.

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी मुलांना सर्वांत अधिक छळणारें प्रकरण म्हणजे 'ए' आणि 'दि' हीं उपपदें. वस्तु ऐकणाराच्या ओळखीची आहे कीं नाहीं, हें सांगितल्याखेरीज इंग्रज मनुष्याला पुस्तकाचें साधें नांव घेतां येत नाहीं. उझबेकमध्यें उपपदें नाहींत. तेथील मुलेंहि इंग्रजी लिहितांना नेमकी हीच चूक करतात. परंतु निश्चय दाखविण्याचें साधन उझबेकपाशीं नाहीं असें मात्र नव्हे. 'कितॉब ओकिदिम' म्हणजे 'मीं पुस्तक वाचलें', कोणतें तरी. 'कितॉब्नी ओकिदिम' म्हणजे 'मीं तें पुस्तक वाचलें', ज्याविषयीं आपलें बोलणें चाललें आहे तें. एका 'नी' या द्वितीयेच्या प्रत्ययानें काम झालें.

हें दूरचें वाटत असेल तर आपल्या घरांतील एक प्रयोग पाहावा. 'आम्हीं मुलगी पाहिली' आणि 'आम्हीं मुलीला पाहिलें' हीं दोन वाक्यें एक नव्हेत. पहिलें वाक्य लग्नाच्या खटपटींतलें आहे. दुसऱ्यांत ठरलेली, ओळखीची मुलगी वाटेंत कोठें तरी दृष्टीस पडली आहे. 'ला' हा प्रत्यय लागला कीं नाहीं यावर अर्थ फिरला. मराठींत हा प्रकार मुख्यतः सजीव वस्तूंपुरता आहे. उझबेकमध्यें तो पुस्तकालाहि लागूं पडतो. मराठींत उपपदें नाहींत म्हणून ती संदिग्ध भाषा, असें म्हणणारांनीं या दोन वाक्यांवर अंमळ विचार करावा.

पाहिलें कीं ऐकलें ?

उझबेक आणि इंग्रजी यांच्या तुलनेंतलें सर्वांत बोधप्रद प्रकरण भूतकाळाचें आहे. इंग्रजीची सक्ती अशी कीं, घडलेली गोष्ट गेलेल्या काळांतच संपली कीं तिचा धागा आजच्या क्षणापर्यंत पोंचतो हें सांगा. 'ही केम' आणि 'ही हॅज कम' यांतला भेद हाच. म्हणूनच 'हॅज कम' च्या पुढें 'यस्टर्डे' लिहिलें कीं मास्तरांची तांबडी पेन्सिल फिरते.

उझबेकला याखेरीज आणखी एक माहिती हवी असते : ही गोष्ट तुम्हांला कळली कशी ? 'उ केल्दी' म्हणजे तो आला. सांगणारा ती गोष्ट निश्चित म्हणून, स्वतःच्या भरंवशावर, पुढें ठेवीत आहे. 'उ केलिब्दी' म्हणजेहि तो आला. परंतु सांगणारास तें मागाहून कळलें, कोणी सांगितलें, किंवा दाराशीं जोडा पाहून त्यानें तर्क केला. 'केल्गान एकान' म्हणजे तो आलेला होता असें समजलें. 'एमिश' हा शब्द जोडला तर लोक तसें म्हणतात खरे, पण आमच्या अंगावर जबाबदारी नाहीं, असा भाव उमटतो. स्वतःविषयीं बोलतांनाहि हें रूप येतें. 'उख्लाब कॉलिब्मान' म्हणजे 'मला झोंप लागून गेलेली दिसते'. झोंपलेल्यास आपल्या झोंपेची साक्ष देतां येत नाहीं, ती जाग आल्यावरच कळते, हें व्याकरणानें ओळखलें आहे. दार उघडून बाहेर पाऊल टाकतांच 'हावॉ सॉवुक एकान' असें उद्गारतात. 'हवा थंड आहे कीं!' या मराठी वाक्यांतील शेवटचा 'कीं' जें सांगतो तेंच हा 'एकान' सांगतो. उझबेक कहाणीचा आरंभहि याच 'एकान' नें होतो. कारण कहाणींतला राजा कोणी पाहिलेला नसतो.

इंग्रजींत हें सर्व सांगतां येतें, पण सांगण्याची सक्ती नाहीं. आतां एखाद्या उझबेक साक्षीदाराचा जबाब इंग्रजींत उतरवून घेतला जात आहे अशी कल्पना करावी. तो म्हणाला 'केलिब्दी', आणि दुभाष्यानें लिहिलें 'ही केम'. एका प्रत्ययाच्या लोपानें ऐकीव गोष्ट पाहिलेली झाली. दुभाष्या खोटें बोलला नाहीं. त्याच्या इंग्रजी वाक्यांत त्या माहितीला राखून ठेवलेली जागा नव्हती, आणि ती मुद्दाम करण्याचें त्याला सुचलें नाहीं. एखाद्याचें घरदार अथवा अब्रू अशा वाक्यावर अवलंबून असली म्हणजे व्याकरण हा केवळ शाळेंतील विषय राहत नाहीं.

मराठीपाशीं या कामासाठीं 'म्हणे' आहे. 'तो आला म्हणे' यांत बातमीहि आहे आणि आपली सुटकाहि. 'आला असावा', 'आलेला दिसतो', 'आला वाटतें' हीं तर्काचीं रूपेंहि आहेत. फरक एवढाच कीं, मराठी त्यांची सक्ती करीत नाहीं. 'म्हणे' गाळून ऐकीव बातमी छातीठोकपणें सांगण्याची मुभा ती देते. त्या मुभेचा आपण किती उपयोग करतों, हें ज्यानें त्यानें आपल्या मनाशीं पाहावें !

रक्ताचें नातें आणि शेजार

आतां एक आश्चर्याची गोष्ट. 'लिहून घेतलें' आणि 'लिहून दिलें' यांतला भेद इंग्रजी मनुष्यास समजावून सांगतांना पुरेवाट होते. दोन्हीकडे लेखन एकच. एक स्वतःसाठीं, दुसरें दुसऱ्यासाठीं. उझबेक मनुष्यास तो समजावून सांगावा लागत नाहीं. 'यॉझिब ऑल्दिम' म्हणजे अक्षरशः 'लिहून घेतलें' व 'यॉझिब बेर्दिम' म्हणजे 'लिहून दिलें'. 'सॉतिब ताश्लादी' म्हणजे 'विकून टाकलें', आणि 'ताश्लामॉक' या क्रियापदाचा मूळ अर्थहि टाकणें हाच. 'माझ्यापाशीं पुस्तक आहे' याला उझबेकमध्यें 'मेन्दा कितॉब बॉर'; इंग्रजीच्या 'हॅव' सारखें क्रियापद दोहोंपैकीं एकाहि भाषेंत नाहीं. क्रियापद वाक्याच्या शेवटीं ठेवण्याची चाल दोहोंचीहि.

कुळ पाहिलें तर मराठी ही इंग्रजीची दूरची आप्त व उझबेक परकी. पण कित्येक चालीरीतींत मराठी उझबेकच्या पंगतीला बसते. कॉलिन मॅसिका या अमेरिकन पंडितानें १९७६ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत हिंदुस्थानांतील भाषांच्या अशा समान लक्षणांचा शोध घेतांना दाखविलें कीं, त्यांपैकीं कित्येक लक्षणांचा विस्तार मध्य आशियांतील तुर्की भाषांपर्यंत पोंचतो. अर्थात् रक्ताच्या नात्यावरून भाषेच्या स्वभावाचा निवाडा होत नाहीं. इंग्रजीच्या सांच्यांत मराठी बसवितांना जें उरतें, तें मराठीचें वैगुण्य नसून सांच्याची मर्यादा असते.

दोन भाषांचा जुना खटला

हा वाद नवा नाहीं. उझबेक लोक ज्याला आपला आद्य महाकवि मानतात, तो अलिशेर नवाई (१४४१–१५०१) हेरात येथें राहत असे. त्या काळीं तेथील विद्वानांची प्रतिष्ठित भाषा फारसी. तुर्की ही घरांत व सैन्यांत बोलावयाची, काव्य लिहावयाचें तें फारसींत, असा सार्वत्रिक समज होता. नवाई स्वतः फारसींतहि उत्तम कविता करी. तरी १४९९ सालीं त्यानें 'मुहाकमत-उल-लुगतैन', म्हणजे 'दोन भाषांचा निवाडा', या नांवाचा ग्रंथ लिहून आपल्या मातृभाषेची बाजू मांडली. ज्यांना फारसींत एकशब्दी प्रतिशब्द नाहींत अशीं शंभर तुर्की क्रियापदें त्यानें यादी करून दिलीं. नात्यांचें उदाहरणहि त्यानें घेतलें आहे : फारसींत थोरल्या व धाकट्या भावाला एकच शब्द, तुर्कींत दोघांना दोन. आजहि उझबेकमध्यें थोरला भाऊ 'आका' व धाकटा 'उका', थोरली बहीण 'ऑपा' व धाकटी 'सिंगिल'. एकत्र कुटुंबांत राहणारांस याचें महत्त्व निराळें सांगावयास नको.

नवाईनें प्रतिष्ठित भाषेच्या फूटपट्टीनें आपली भाषा मोजण्याचें नाकारलें, हें त्याचें धैर्य. परंतु त्यानें फूटपट्टी उलटी धरली, आणि आपल्या भाषेनें फारसीला मोजलें. त्या न्यायानें मराठी मनुष्य 'आम्ही' व 'आपण' दाखवून इंग्रजीला दरिद्री ठरवूं शकेल, इंग्रज 'ए' व 'दि' दाखवून मराठीला, आणि उझबेक 'केलिब्दी' दाखवून दोघींनाहि. हा खटला कधींच निकालांत निघावयाचा नाहीं, कारण प्रत्येक वादी स्वतःच न्यायाधीश आहे.

पुढें विसाव्या शतकांत त्या भाषेवर निराळेच प्रसंग आले. १९२९ च्या सुमारास तिची अरबी लिपि जाऊन लॅटिन आली, १९४० सालीं लॅटिन जाऊन सिरिलिक आली, आणि देश स्वतंत्र झाल्यावर १९९३ सालीं पुन्हा लॅटिन स्वीकारण्याचा कायदा झाला. तीन पिढ्यांनीं तीन लिप्या गिरविल्या. आजोबांचीं पत्रें नातवास वाचतां येईनात. अब्दुर्रऊफ फितरत (१८८६–१९३८) या पंडितानें १९२० नंतरच्या दशकांत उझबेकच्या शब्दविचारावर व वाक्यविचारावर पुस्तकें लिहून तिच्या स्वभावास अनुसरून व्याकरण रचण्याचा यत्न केला. स्टालिनच्या राजवटींत त्याला गोळी घालण्यांत आली. लिपि सरकारी हुकुमानें बदलतां येते, पंडितांचीं तोंडें बंद करतां येतात. परंतु चुलीपाशीं बसलेल्या आजीनें 'केल्दी' म्हणावें कीं 'केलिब्दी', हें कोणत्याहि हुकुमानें ठरत नाहीं. तें प्रकरण लिपीच्या तिन्ही फेऱ्यांतून जसेंच्या तसें पार पडलें.

घरांतील अभ्यासासाठीं

मराठीचें पहिलें महत्त्वाचें व्याकरण दादोबा पांडुरंग यांनीं १८३६ सालीं प्रसिद्ध केलें. त्या वेळीं संस्कृत आणि इंग्रजी अशा दोन व्याकरणांचे आयते सांचे हातांशीं होते, आणि त्यांचा आधार घेणें स्वाभाविकच होतें. शब्दांच्या आठ जाति आणि आठ विभक्ति आपण अजूनहि पाठ करतों, त्या याच दोन सांच्यांच्या खुणा होत. त्या पाठ करण्यांत तोटा नाहीं. तोटा आहे तो सांच्यालाच भाषा समजण्यांत.

म्हणून घरांत मुलांचा अभ्यास घेणाऱ्या वडीलधाऱ्यांस आमची एक सूचना आहे. मुलानें इंग्रजींत 'दि' गाळला किंवा 'हॅज कम यस्टर्डे' लिहिलें, तर चूक अवश्य सुधारावी. परंतु ती मतिमांद्याची खूण समजूं नये. ताश्कंदमधील मुलगाहि तीच चूक करीत असतो, आणि दोघेहि आपापल्या भाषेची शिस्त इमानानें पाळीत असतात. 'येथें असें लिहावें' एवढेंच न सांगतां, 'इंग्रजी येथें ही गोष्ट सांगावयास लावते, मराठी लावीत नाहीं' असें सांगितलें, तर तो नियम मुलाच्या अधिक ध्यानांत राहील आणि त्याचें मन खट्टूहि होणार नाहीं.

त्याबरोबर मुलाला उलटा प्रश्नहि घालावा. 'आपण निघूं' आणि 'आम्ही निघतों' यांतला भेद इंग्रजींत कसा सांगशील ? 'बाबा आले' यांतला आदर कोठें ठेवशील ? 'आला म्हणे' यांतला 'म्हणे' कशानें भरून काढशील ? पहिल्या उत्तरांत तो अडखळेल. मग वाट शोधील, आणि शोधतां शोधतां त्याला दोन्ही भाषा अधिक कळतील. ज्याला आपल्या भाषेची सक्ती कोठें आहे हें उमगलें, तो परभाषेची सक्ती जाचक न मानतां शिकतो. आणि परभाषेंत जें नाहीं तें तिचें दारिद्र्य, किंवा आपल्या भाषेंत जें नाहीं तें आपलें दारिद्र्य, असें तो कधींहि म्हणत नाहीं.